होल्डन कॉलफील्ड

अमेरिकन लेखक जे. डी. सॅलिंजर (१९१९–२०१०) यांच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीचा १६ वर्षांचा नायक. पेन्सिल्व्हेनियातील पेन्सी या निवासी शाळेत पाचपैकी चार विषयांत नापास झाल्यामुळे त्याचे नाव काढले जाते. नाताळची सुटी लागण्याआधीच तो शाळा सोडतो आणि घरी न जाता न्यूयॉर्कमध्ये भटकत राहतो. या भटकंतीत तो मोठेपणाची सोंगे पुष्कळ करतो. हॉटेलात एकटा खोली घेतो, वय लपवून दारू मागतो. मोठ्यांची मोकळीक त्याला हवी असते. त्यांच्यासारखे होणे मात्र नको असते. प्रौढांचे जग ढोंगी वाटते म्हणून तो मोठा व्हायला तयार नाही, असा अर्थ सहसा लावला जातो. तो अपुरा आहे.

या नकाराच्या मुळाशी शोक आहे. होल्डन १३ वर्षांचा असताना त्याचा ११ वर्षांचा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने जातो. त्या रात्री होल्डन गॅरेजच्या काचा मुठीने फोडतो. पुढे त्या हाताची मूठ कधी घट्ट वळत नाही. ॲलीने हिरव्या शाईने कविता लिहून ठेवलेला बेसबॉलचा हातमोजा तो जिवापाड जपतो. आता वाढायचे म्हणजे ॲलीला ११ वर्षांचाच ठेवून पुढे निघून जायचे. निसर्गविज्ञान संग्रहालयातील काचेआडचे देखावे त्याला आवडतात ते याचमुळे: तिथले काही बदलत नाही, बदलतो तो पाहणारा. तरीही या खेपेस दारापर्यंत जाऊन तो आत शिरत नाही. सेंट्रल पार्कमधले तळे गोठल्यावर बदके कुठे जातात, हे तो टॅक्सीवाल्यांना विचारतो. तो प्रश्न पोरकट म्हणून सोडून देता येत नाही; निघून गेलेल्यांचे काय होते, हेच त्यामागे असते.

तुला आवडते तरी काय, असे दहा वर्षांची बहीण फीबी विचारते, तेव्हा तो ॲलीचेच नाव घेतो. कड्याजवळच्या शेतात खेळणारी मुले खाली पडू नयेत म्हणून त्यांना झेलत उभे राहायचे, हे त्याचे स्वप्नही तिलाच कळते. शेवटी फिरत्या घोड्यांच्या चक्रावर बसलेल्या फीबीला तो पावसात भिजत पाहतो. सोनेरी कडी धरायला झुकणाऱ्या मुलांना अडवू नये, पडली तर पडू द्यावे, हे त्याला तिथे उमगते. कादंबरीतला हाच खरा मोठे होण्याचा क्षण. मात्र पुढे उपचार घेत असताना, सप्टेंबरपासून मन लावून शिकणार का, या प्रश्नाला त्याच्यापाशी ठाम उत्तर नसते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकरशी मराठीत होल्डनची तुलना होत आली आहे. ती बहुधा निवेदनशैली आणि बंडखोरी यांपाशी थांबते. पांडुरंगची धाकटी बहीण मनी हीदेखील लहानपणीच मरण पावते. या दोघांना जोडणारा सर्वांत बळकट धागा हाच आहे.