करेल्याचे वजन

सोलापुरातल्या एका जुन्या तालमीत, हौद्याच्या कडेला भिंतीशी, दोन लाकडी करेले उभे असतात. हल्ली त्यांच्यावर ओले पंचे वाळत घालतात. गेल्या श्रावणात त्यांतला एक मी दोरीला आडवा टांगून पाहिला. लांबी पावणेदोन हात. पण दोरी मुठीच्या टोकापासून सव्वा हातावर नेली, तेव्हा कुठे तो सपाट राहिला. करेल्याचे सगळे शास्त्र या सव्वा हातात आहे.

डंबेल धरले की वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखे असते. करेल्याचे वजन मुठीपासून दूर, म्हणून तो नुसता उचलायचा नसतो, फिरवायचा असतो. खांद्यावरून पाठीमागे सोडला की तो लंबकासारखा झोका घेतो. तो झोका पुढे आणताना मनगट, खांदा, पाठ, कंबर एकदम कामाला लागतात, आणि पावलांनी जमीन धरली नाही तर करेल्याऐवजी माणूसच फिरतो. कुस्तीत समोरच्या गड्याचे वजनही असेच असते, मुठीत नीट न मावणारे. गदा हा याचाच टोकाचा प्रकार : लांब दांडा, शेवटी गोळा. मूठ चार बोटे मागे सरकवली की तीच गदा जड लागते.

या साधनाचा इतिहास सांगताना आपण अभिमानाने थेट मारुतीपर्यंत जातो. मला अलीकडचा, कागदावर सापडणारा प्रवास अधिक बोलका वाटतो. हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हा व्यायाम येथे पाहिला आणि उचलला. १८३०च्या दशकात डोनाल्ड वॉकरच्या पुस्तकांतून तो लंडनच्या वाचकांपुढे गेला. स्त्रियांसाठी त्याने हलकी आवृत्तीही सुचवली. १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये सिम केहो याने यावर स्वतंत्र पुस्तक काढले. तो स्वतः मुद्गल बनवून विकतही असे. पुढे १९०४च्या सेंट लुईस आणि १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा झाली. १९३२चे सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉर्ज रॉथला मिळाले. मात्र तोवर त्या मुद्गलांतले वजन गेले होते, उरला होता वेग आणि डौल.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९३६पासून, बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड निघू लागले. १९४९पर्यंत दहा झाले. देशी व्यायाम मराठीत इतक्या नेटाने दुसऱ्या कोणी नोंदवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण पुस्तकातल्या चित्रात हात थांबलेला असतो, आणि करेल्यात थांबलेला हात काहीच शिकवत नाही. ते वस्तादाच्या नजरेचे काम.

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली. पाळी आणि तालीम हे जोडगणित इथल्या कामगारवस्त्यांना चांगले ठाऊक होते. गिरण्या गेल्या, कुस्ती मॅटवर आली, मुलांना जिम मिळाली, आणि करेला कोपऱ्यात गेला. गदेचे तर आणखी गंमतीचे झाले. १९६१पासून महाराष्ट्र केसरी भरते, विजेत्याला मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ चांदीची गदा मिळते, आणि ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते. फिरवायचे साधन मिरवायचे झाले. मिरवण्याला माझा विरोध नाही. पण फिरवणारे मोजकेच उरले याचे वाईट वाटते.

आता परदेशात नव्याने चलनात आलेली पोलादी गदा आपल्या शहरांतल्या जिममध्ये शिकवणीसह परत येत आहे. ‘आपलेच आपल्याला विकतात’ असे म्हणणे सोपे आहे. आपण ते भिंतीशी टेकवून ठेवले होते, हेही खरे.

परवा त्याच तालमीत एक तरुण अशी पोलादी गदा घेऊन आला. फिरवताना त्याचा खांदा कानाशी जात होता, कंबर मागे वाकत होती. ऐंशीच्या पुढचे वस्ताद बाकावरून बराच वेळ पाहत होते. मग उठले, गदा त्याच्या हातातून काढून भिंतीशी ठेवली.

“आधी मोकळा हात फिरीव की रं,” म्हणाले, आणि त्याच्या कोपराखाली आपली दोन बोटे लावून उभे राहिले.