ब्रिटनमधील प्रादेशिक विमानतळांचे कंपनीकरण : १९८६ चा कायदा आणि स्थानिक मालकीचा प्रश्न

ब्रिटनमधील विमानतळांच्या खासगीकरणाचा इतिहास बहुधा जुलै १९८७ मधील ब्रिटिश एअरपोर्ट्स ऑथॉरिटीच्या भागविक्रीपासून सांगितला जातो. हीथ्रोच्या प्रभावामुळे हे स्वाभाविकही आहे. परंतु त्यापूर्वी, १ एप्रिल १९८७ रोजी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ताब्यातील मोठे प्रादेशिक विमानतळ स्वतंत्र कंपन्यांच्या स्वाधीन झाले होते. या बदलाकडे अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेलेले दिसते.

या विमानतळांची उभारणी मुळात नगर परिषदांनीच केली होती. लिव्हरपूल १९३३ मध्ये, मँचेस्टर व ल्यूटन १९३८ मध्ये, तर बर्मिंगहॅम १९३९ मध्ये सुरू झाले. ज्या प्रदेशाला विमानतळाचा लाभ होतो त्यानेच तो चालवावा, अशी भूमिका १९६१ च्या श्वेतपत्रिकेने घेतली आणि त्यानंतर सरकारी विमानतळही स्थानिक संस्थांकडे सोपविले जाऊ लागले. उदाहरणार्थ, कार्डिफ १९६५ मध्ये ग्लॅमॉर्गन परगण्याकडे गेले. विमानतळ हे परिषदेचे एक खाते होते, त्यामुळे त्याची तूट अखेर स्थानिक करदात्यावरच पडे.

जून १९८५ च्या श्वेतपत्रिकेचा रोख याच तुटीवर होता. पुढील वर्षी संमत झालेल्या विमानतळ कायद्यानुसार, मागील तीन आर्थिक वर्षांपैकी किमान दोन वर्षांत ज्याची उलाढाल १० लाख पौंडांहून अधिक होती, अशा विमानतळासाठी कंपनी स्थापन करणे परिषदांना भाग पडले. संचालक मंडळात कंपनीचे पात्र, पूर्णवेळ कर्मचारी असावेत, अशीही तरतूद होती. (भारतात याच १९८६ मध्ये राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन होऊन देशांतर्गत विमानतळ एका केंद्रीय संस्थेकडे एकवटत होते, हा विरोधाभास लक्षणीय आहे.) मात्र कायद्याने भागविक्रीची सक्ती केली नाही. भाग परिषदांकडेच राहिले. मँचेस्टरमध्ये नगर परिषदेकडे ५५ टक्के आणि शेजारच्या नऊ परिषदांकडे प्रत्येकी ५ टक्के, अशी विभागणी झाली.

धोरणातील खरी विसंगती येथेच होती. कंपनीने व्यापारी तत्त्वावर चालावे अशी अपेक्षा होती. पण तिचे भाग परिषदेकडे असल्यामुळे तिने काढलेले कर्ज सार्वजनिक कर्जातच मोजले जाई आणि त्यावर अर्थखात्याची मर्यादा असे. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात ही मर्यादा अधिक आवळली गेली. परिणामी नवे टर्मिनल किंवा धावपट्टी हवी असेल, तर भाग विकणे हाच सोपा मार्ग उरे. कायद्याने जी विक्री लादली नाही, ती कर्जनियंत्रणाने घडवून आणली, असे म्हणता येईल. ईस्ट मिडलंड्स १९९३ मध्ये नॅशनल एक्स्प्रेस या बस-वाहतूक कंपनीकडे, तर कार्डिफ १९९५ मध्ये टीबीआय कंपनीकडे गेले.

मँचेस्टरच्या परिषदांनी मात्र भाग विकले नाहीत. दुसरे टर्मिनल १९९३ मध्ये आणि दुसरी धावपट्टी २००१ मध्ये सुरू झाली. त्याच २००१ साली मँचेस्टरच्या समूहाने नॅशनल एक्स्प्रेसकडून ईस्ट मिडलंड्स व बोर्नमथ विकत घेतले. म्हणजे खासगी झालेला विमानतळ पुन्हा परिषदांच्याच मालकीत आला, फक्त परिषदा दुसऱ्या होत्या! २०१३ मध्ये सुमारे १५० कोटी पौंडांना स्टॅनस्टेड घेताना ३५.५ टक्के भाग आयएफएम या ऑस्ट्रेलियन गुंतवणूक संस्थेला द्यावे लागले, तरी बहुसंख्य भाग परिषदांकडेच राहिले.

कार्डिफचा अनुभव याच्या उलट आहे. तेथील वार्षिक प्रवासीसंख्या २००७ मधील सुमारे २० लाखांवरून २०१२ पर्यंत जवळपास निम्म्यावर आली. मार्च २०१३ मध्ये वेल्श सरकारने ५ कोटी २० लाख पौंड देऊन हा विमानतळ विकत घेतला. पण त्याचे पुन्हा सरकारी खाते केले नाही. कंपनी तशीच ठेवून तिचा दैनंदिन कारभार सरकारपासून अलग राखला. करोनाच्या साथीनंतर, २०२१ मध्ये, याच कंपनीला दिलेल्या कर्जापैकी ४ कोटी २६ लाख पौंड सरकारला निर्लेखित करावे लागले आणि १९८५ च्या श्वेतपत्रिकेला जो भार स्थानिक करदात्यावरून उतरवायचा होता, तो वेल्समधील सर्व करदात्यांवर आला.