रुप्याची नव्हे, पोलादाची

जुन्या जपानी हिमकुऱ्हाडी जमविणाऱ्यांना एक आख्यायिका ठाऊक असतेच. कॅनडातील माउंट अल्बर्टाच्या माथ्यावर जपानच्या सम्राटाने दिलेली रुप्याची कुऱ्हाड रोवलेली आहे, अशी ती वदंता. खरे एवढेच की, १९२५ च्या जुलैत युको माकी यांच्या तुकडीने स्विस वाटाड्यांसह ते शिखर प्रथम सर केले आणि तेथे एक कुऱ्हाड ठेवली. १९४८ साली तेथे दुसऱ्यांदा पोहोचलेल्या दोघा अमेरिकनांनी ती उपसू पाहिली, तो दांडा मोडला. वरचा भाग त्यांनी नेला. खालचा बर्फात राहिला, तो १९६५ मध्ये जपानी गिर्यारोहकांना सापडला. पुढे १९९७ साली दोन्ही तुकडे एकत्र आले. रुपे कोठेच नव्हते. होते ते पोलाद, आणि तेही स्विस घडणीचे!

जपानी कुऱ्हाडीचा इतिहास या परक्या पोलादापासूनच सुरू होतो. १९२१ मध्ये आयगरची मिटेलेगी धार प्रथम चढणारे माकी मायदेशी परतले आणि विद्यापीठांतील तरुणांना आल्प्सच्या तंत्राचे वेड लागले. कुऱ्हाडीचे नावही त्यांनी जर्मनमधूनच उचलले : ‘पिक्केरू’. मात्र घडविणारे हात लवकरच घरचे झाले. सेंदाईचे यामाउची आणि साप्पोरोचे कादोता, हे दोघे खरे पाहता लोहारच. परंतु त्यांच्या कुऱ्हाडींना पुढे तलवारीसारखा मान मिळाला, आणि तो अनाठायी नव्हे. कड्यावर घसरणाऱ्याचा जीव त्या ओंजळभर पोलादावर तोललेला असे.

१९३६ साली रिक्क्यो विद्यापीठाच्या तुकडीने आपल्या कुमाऊंतील नंदाकोट सर केले. १९५६ मध्ये माकींच्याच नेतृत्वाखाली ८,१६३ मीटरांचे मनास्लू. पुढे धातूचे दांडे आले आणि लाकडी दांड्याची कुऱ्हाड संग्राहकाच्या भिंतीवर गेली.

तेथे तिच्यावर नवेच संकट येते. हौशी मनुष्य ती लखलखीत घासतो, दांडा बदलतो. आणि त्या घासण्यात पात्यावर ठोकलेले लोहाराचे व गावाचे नाव पुसट होते. मग ती सेंदाईची की साप्पोरोची, हे सांगणार कोण? जाणता संग्राहक सैल गंज तेवढा फडक्याने टिपतो, दांड्याला जवसाचे तेल लावतो, आणि ओरखडे होते तसेच राहू देतो.