सुवसंतक ते मचाण

रामटेकला जाणारी गाडी कन्हान जंक्शनला मुख्य लोहमार्ग सोडून वळते. नागपूरहून कामठीमार्गे जबलपूरला जाणारा जुना रस्ताही कन्हान नदी ओलांडून याच गावातून मनसरकडे आणि पुढे पेंचच्या जंगलाकडे जातो. एक वाट वाङ्मयाच्या तीर्थाकडे आणि दुसरी वाघाकडे, असा हा फाटा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यातली पहिली वाट अधिक परिचयाची. रामगिरी म्हणजे रामटेक हे वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडले, आणि तेव्हापासून हा डोंगर आपल्या मनात कायमचा आषाढात भिजलेला राहिला. वास्तविक या मुलुखाचे खरे वैभव फाल्गुन ते वैशाखात असते. पळस पेटतो, काटेसावर निष्पर्ण होऊन फुलते, मोह गळू लागतो. या दिवसांत माणसे रानात का जात होती आणि आज का जातात, याचा इतिहास मात्र सलग लिहिला गेलेला नाही. त्याचे धागे काव्यात, शास्त्रात आणि सरकारी कायद्यांत विखुरलेले आहेत.

आरंभ वात्स्यायनापासून करावा लागतो. साधारणपणे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला मानला जाणारा हा ग्रंथकार वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, आणि विदर्भ येथील चालीरीतींचा उल्लेख करतो. तेव्हा तो आपल्याला अगदीच परका नाही. नागरकाच्या दिनचर्येत त्याने सामुदायिक क्रीडांची एक यादी दिली आहे. सुवसंतक हा वसंताचा उत्सव. सहकारभंजिका म्हणजे आंब्याची फळे तोडण्याचा खेळ. अभ्यूषखादिका म्हणजे रानात जाऊन भाजलेले कोवळे धान्य खाणे. या शेवटच्या क्रीडेला आपण हुरडा पार्टी म्हणतो आणि ती शहरी माणसाची नवी हौस आहे असे समजतो! एकशाल्मली हा खेळ तर विशेष लोभस आहे. फुललेली एकच मोठी सावर गाठायची आणि तिच्या फुलांचे अलंकार करून दिवसभर तिच्याभोवती खेळायचे.

वात्स्यायनाने उद्यानयात्रेची पद्धतही सांगितली आहे. सकाळीच नटूनथटून घोड्यावरून निघायचे, बरोबर गणिका, मागे सेवक. दिवस झुंजी, द्यूत आणि नाट्यात घालवून संध्याकाळी उपवनातली एखादी खूण अंगावर मिरवत परतायचे. खूण मिरवत परतण्याची रीत आजही टिकून आहे. फुलाच्या जागी छायाचित्र आले, एवढेच. त्या सेवकांचा वसंत कसा होता, हे मात्र हा ग्रंथ सांगत नाही. सांगावे अशी अपेक्षाही नाही.

ते सांगते गाथासप्तशती. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या या संग्रहाची स. आ. जोगळेकरांनी सिद्ध केलेली १९५६ची मराठी आवृत्ती अजूनही प्रत्येक मराठी विभागाच्या कपाटात असायला हवी. तिथे फाल्गुनोत्सव आहे, चिखलफेक आहे, मदनोत्सवही आहे. पळसाच्या गळलेल्या फुलांनी झाकलेल्या भूमीला बुद्धचरणी लवलेल्या भिक्षुसंघाची उपमा देणारी एक गाथा आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते मोहाचे झाड. गाथेत त्याचे नाव मधूक. फुलांच्या भाराने वाकलेल्या गोदाकाठच्या मधूकाला उद्देशून एक नायिका बोलते, कारण त्याच्या आडोशाला तिचे संकेतस्थळ आहे. फुले वेचायला जाणे हे काम, आणि तोच तिचा विहार. शेजारच्याच गाथेत शोकाकुल स्त्री मोहाची उरलीसुरली फुले अशी वेचते, जणू चितेतल्या अस्थी वेचाव्यात. एकाच फुलाखाली शृंगार, पोट आणि मरण अशी तिन्ही माणसे उभी आहेत. नागरकाच्या वसंतात कामाला जागा नव्हती. गाथेच्या वसंतात काम आणि क्रीडा वेगळी करताच येत नाहीत.

या दुसऱ्या परंपरेचे एक जिवंत रूप कन्हान नदीच्याच वरच्या अंगाला सापडते. महाशिवरात्रीला, म्हणजे ऐन वसंताच्या तोंडाशी, विदर्भातली हजारो माणसे त्रिशूळ खांद्यावर घेऊन पचमढीजवळच्या चौरागडाला ‘मोठ्या महादेवा’कडे जातात. छिंदवाडा जिल्ह्यातल्या जुन्नारदेवला, कन्हानच्या खोऱ्यात, ‘पहिली पायरी’ आहे. यात्रा तिथून चढते असे मानतात. घरगाडा बाजूला ठेवून, गाणी म्हणत, रानातून चालत जाण्याची ही सुट्टी आहे. तिला भक्ती म्हटले की तिच्यातला आनंद आपल्या अभ्यासातून निसटतो. जेम्स फॉर्सिथ या वनाधिकाऱ्याने मध्य भारताच्या उंच प्रदेशावरील आपल्या १८७१च्या ग्रंथात महादेवाच्या यात्रेबद्दल लिहिले आहे.

फॉर्सिथ ज्या खात्याचा, त्या खात्याने पुढचा इतिहास घडवला. कामठीची छावणी १८२१ची. तिच्यातल्या साहेबांना उन्हाळा शिकारीसाठी सोयीचा, कारण पानगळीत नजर लांब पोचते आणि जनावर पाणवठ्यावर येतेच. १८६०च्या दशकात मध्य प्रांतात वनव्यवस्था सुरू झाली, १८७८च्या कायद्याने राखीव जंगले पक्की झाली, आणि गवत, लाकूड, चराई या हक्काच्या गोष्टी सवलतीच्या झाल्या. रॉबर्ट स्टर्नडेलचे सिवनीवरचे पुस्तक १८७७चे, किप्लिंगचे ‘जंगल बुक’ १८९४चे. दोन्हींतले रान साहसाचे आहे. त्याच सिवनी जिल्ह्यात तुरिया गावी ९ ऑक्टोबर १९३० रोजी गवत कापून जंगल सत्याग्रह करणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि तीन स्त्रिया व एक पुरुष मारले गेले. आज तुरिया हे पेंचच्या मध्य प्रदेशातील भागाचे सर्वाधिक गजबजलेले प्रवेशद्वार आहे. मोगलीच्या शोधात तिथे उतरणाऱ्या किती जणांना हा दिनांक ठाऊक असेल?

स्वातंत्र्यानंतर १९७२चा वन्यजीव कायदा आला, महाराष्ट्रातले पेंच १९७५मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९९मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. वाघ वाचला, हे निःसंशय मोठे काम. पण तोतलाडोहच्या जलाशयात मासेमारी कुणी करावी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उद्यानाच्या हद्दीतून उठवल्या गेलेल्या कुटुंबांना मध्य प्रदेशाने दिलेले ३०५ परवाने १९९७च्या निकालात अटींसह मान्य झाले. ‘उद्यान’ हा शब्द वात्स्यायनाचाच. त्याच्या कुंपणाबाहेर कोण राहिले, ते या खटल्यातून दिसते.

मराठी वाङ्मयाने या रानाची दखल घेतली, पण ती बहुधा मचाणावरून. मारुती चितमपल्ली यांचा अपवाद ठळक आहे. ते स्वतः वनाधिकारी, तरी त्यांनी रानाची भाषा रानातल्या माणसांकडून उचलली, आणि झाडापाखरांची शेकडो नावे तिथून मराठीत आली.

आता मचाणाविषयीच. पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने, म्हणून बुद्धपौर्णिमा हीही वसंतपौर्णिमाच. त्या रात्री पाणवठ्यांवर बसून प्राणी मोजण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ होती. २००६पासून व्याघ्रगणना कॅमेरा ट्रॅपने होऊ लागली आणि पाणवठ्यावरच्या मोजणीचे शास्त्रीय मोल उरले नाही. तरी रात्र राहिली. आता तिला ‘निसर्गानुभव’ म्हणतात; शुल्क भरून, नावनोंदणी करून नागरिक मचाणावर बसतात. बोलायचे नाही, उतरायचे नाही, चांदण्यात पाहत राहायचे. मला हा उत्सव मनापासून आवडतो. शहरातल्या माणसाला रात्रभर गप्प बसवणारा दुसरा सण आपल्याकडे नाही. जानेवारी २०२४मध्ये पेंचला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तो काळोखही आता जपण्याची वस्तू झाला आहे.

पण त्याच काळोखात दुसरेही कुणी असते. मोहाची फुले पहाटेपूर्वी गळतात. उशीर केला तर जनावरे खातात, म्हणून बायका अंधारातच टोपली घेऊन निघतात. वेचताना त्या वाकलेल्या असतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे जंगलाच्या कडेला राहणारे सांगतात. २००६च्या वनाधिकार कायद्याने मोह आणि तेंदू यांवर ग्रामस्थांचा हक्क मान्य केला. वेचण्याची वेळ तो बदलू शकत नाही. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दोन दिवसांनी, १२ मेला, वैशाखी पौर्णिमा होती.