मध्य प्रांतातला दुष्काळ आणि पंडिता रमाबाई

वर्धा जिल्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात मोडत असे. १८९६-९७ च्या दुष्काळात हा प्रांत होरपळला. तिथल्या निराधार मुली व बालविधवांसाठी पंडिता रमाबाई पुण्याहून गेल्या आणि सुमारे ३०० जणींना त्यांनी आसरा दिला. पीडिताचे म्हणणे आधी ऐकायचे, मग मदत ठरवायची, ही ख्रिस्ती सेवेची रीत त्यांच्या कामात स्पष्ट दिसते.

या रीतीची मुळे मात्र त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीची आहेत. १८७४ च्या सुमारास उपासमारीत रमाबाईंचे आईवडील गेले. भावाबरोबर त्या मैलोन्‌मैल पायी हिंडल्या. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री डॉक्टर मागितल्या. पुरुष डॉक्टरापुढे आजार सांगायची लाज वाटून बायका जीव गमावतात, असे त्यांचे म्हणणे होते. औषधाची गोष्ट पुढची. आधी मोकळेपणी बोलता येईल असे माणूस हवे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना या भगिनी मायेने सांभाळत. हे बळ कुठून येते, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. या कथेत येशू विहिरीवर तिच्याकडे पाणी मागतो, तिचे सगळे आयुष्य ठाऊक असूनही तिला झिडकारत नाही, तिच्या प्रश्नांना उत्तरे देतो. तो एका बाईशी बोलतो आहे याचेच शिष्यांना नवल वाटते. या कथेचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. विधवांना तिथे शिक्षण मिळे आणि रमाबाईंचा सहवासही. वादाचे कारणही हाच सहवास ठरला. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, धर्मांतराची ओरड झाली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. रमाबाईंनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या गरीबगृहांत त्यांना उपासमारीपलीकडचे हाल दिसले. ज्यांच्या हाती सांभाळ सोपवला होता, त्यांच्याकडूनच बायकांवर अत्याचार होत. रमाबाईंनी हे छापून जाहीर केले. पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची होणारी दुर्दशाही १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून उघड केली. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. ज्यांची तक्रार होती, त्या स्त्रियांना स्वतःहून वर्तमानपत्र गाठणे शक्यच नव्हते.

दुष्काळातल्या मुलींसाठी दौंडजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. तिथे अंध मुलींना ब्रेल शिकवत. इतर जणी छापखाना, विणकाम, शेती असे झेपेल ते काम करत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायकांनाही समजावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले.