कॉम्प्युटर क्लस्टर म्हणजे काय? शेकडो मशीन मिळून 'एक' कॉम्प्युटर कसा होतो?

तुमच्या फोनच्या जाहिरातीत 'ऑक्टा-कोर' लिहिलेलं असतं. म्हणजे आत आठ कोर असतात आणि ते एकच रॅम वापरतात. क्लस्टर ही त्याच्या पुढची पायरी. यात पूर्ण वेगवेगळे कॉम्प्युटर नेटवर्कने जोडलेले असतात. प्रत्येकाचा प्रोसेसर आणि रॅम स्वतःची, पण वापरणाऱ्याला सगळं मिळून एकच मशीन वाटतं. यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला 'नोड' म्हणतात. पुण्यात टाटा समूहाच्या कंपनीने उभारलेला क्लस्टर नोव्हेंबर २००७ च्या 'टॉप ५००' यादीत जगात चौथा होता. त्याचं नावच 'एका', म्हणजे संस्कृतात 'एक'.

नुसतं जोडून भागतं का?

नाही. सोलापुरात शंभर माग चालले तर एकदम शंभर चादरी विणल्या जातात, पण एकच चादर शंभरपट लवकर होत नाही. क्लस्टरची खरी कसरत हीच आहे: एकच मोठं काम फोडून सगळ्यांकडून करून घेणं.

काम कसं फोडतात?

पावसाचा अंदाज घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्का' हा सुपरकॉम्प्युटर आहे. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर १५ शून्यं इतकी गणितं. या संस्थेने बनवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. ती ६ किमीच्या चौकटींवर अंदाज काढते. आधी चौकट सुमारे १२ किमीची होती.

सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,८९५ चौ. किमी. चौकटी चौरस धरल्या तर पूर्वी जिल्ह्यात साधारण १०० चौकटी बसायच्या, आता ४०० च्या वर. बार्शीत पाऊस आणि मंगळवेढा कोरडं, हा फरक दिसायला हे लागतंच. पण चौकट निम्मी केली की वेळेचे टप्पेही लहान करावे लागतात. त्यामुळे गणित जवळपास आठपट वाढतं. ते वेळेत संपलं नाही तर उद्याचा अंदाज परवा मिळणार!

म्हणून नकाशाचे तुकडे करून ते नोडना वाटतात. पण वारा तुकड्याची हद्द पाळत नाही. त्यामुळे प्रत्येक टप्प्यानंतर शेजारचे नोड हद्दीवरचे आकडे एकमेकांना पाठवतात. यासाठी 'एमपीआय' ही पद्धत आणि अतिशय वेगवान नेटवर्क लागतं.

'एक' असल्याचा भास कोण देतं?

- लॉगिन नोड: तुम्ही फक्त इथे काम सोपवता.
- शेड्युलर: 'स्लर्म'सारखं सॉफ्टवेअर रांग लावतं आणि मोकळे नोड नेमून देतं.
- सामायिक स्टोरेज: कुठल्याही नोडवरून त्याच फाइल दिसतात.
- चेकपॉइंट: मधूनमधून काम सेव्ह होतं. एखादा नोड बंद पडला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

नोड वाढवले की वेग वाढतच जातो?

तेही नाही. १०० मिनिटांच्या कामात १० मिनिटांचा भाग फोडता येत नसेल, तर हजार नोड लावूनही वेळ १० मिनिटांच्या खाली येणार नाही. शिवाय एक नोड रेंगाळला की बाकीचे त्याची वाट बघत बसतात. त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या सुपरकॉम्प्युटरची बातमी वाचाल, तेव्हा प्रोसेसर किती हे बघाच, पण ते जोडलेत कसे हेही बघा.