आर भाषेतील पॅकेज-लोडिंगचे दोष

आर ही सांख्यिकीय कामाची संगणकभाषा ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी रचली, १.०.० ही आवृत्ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिची उपयुक्तता बव्हंशी ‘क्रॅन’ या भांडारातील पॅकेजांवर अवलंबून असल्याने, ‘लायब्ररी’ हा हुकूम देऊनही पॅकेज हजर न होणे ही उपयोजकांची नित्याची तक्रार होय.

शोधमार्ग : ‘या नावाचे पॅकेज नाही’ असा संदेश आल्यास पॅकेज बसविलेलेच नसते, नावातील लहानमोठ्या अक्षरांत चूक असते, अथवा ते भलत्याच फोल्डरात असते. ‘.लिबपाथ्स’ हे फंक्शन चालविल्यास आर कोठे व कोणत्या क्रमाने शोधते, याचा तपशील मिळतो. उपयोजकाचे व्यक्तिगत फोल्डर आवृत्तीच्या पहिल्या दोन अंकांनुसार निराळे असल्याने, ४.२ वरून ४.३ वर जाताच कालपर्यंत चालणारी पॅकेजे गहाळ झाल्यासारखी भासतात. वस्तुतः ती जुन्या फोल्डरात शाबूत असतात. तरीही जुने फोल्डर जोडून घेण्यापेक्षा ती नव्याने बसविणे श्रेयस्कर.

संकलित भाग : पॅकेजातील काही भाग सी, सी++ वा फोर्ट्रानमध्ये असल्यास, पॅकेज जागेवर असूनही ‘शेअर्ड ऑब्जेक्ट लोड करता येत नाही’ अशी कैफियत येते. येथे पहिल्या ओळीवर थांबू नये. खरा खुलासा पुढील ओळीत, न सापडलेल्या फाइलच्या नावात असतो. उबंटू २०.०४ वरून २२.०४ वर जाताना आयसीयू ही वर्णलिपीविषयक लायब्ररी ६६ वरून ७० वर जाते, आणि ६६ शी जोडून संकलित केलेले ‘स्ट्रिंगी’ पॅकेज, व त्याच्या आधारावर उभी असलेली इतर अनेक, एकदम बंद पडतात. लिनक्सवर ‘एलडीडी’ ही आज्ञा पॅकेजाच्या .एसओ फाइलवर चालविली असता तिला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी उमटते, व ‘नॉट फाउंड’ असा शेरा जिच्यापुढे असेल तिचीच तजवीज करावयाची असते. नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक देण्याचा उपाय काहीजण करतात. तो तात्पुरताही विश्वसनीय नाही. पॅकेज मूळ स्रोतापासून पुन्हा संकलित करावे.

विंडोज : चालू सत्रात लोड झालेल्या पॅकेजाची डीएलएल फाइल बदलता येत नाही, सत्र नव्याने सुरू करून, ‘००लॉक’ने आरंभ होणारे फोल्डर मागे राहिले असल्यास काढून टाकून, मगच पॅकेज बसवावे.

मॅकिंटॉश : इंटेल व एआरएम यंत्रांकरिता आरच्या संकलित प्रती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे एकीसाठी संकलित केलेले पॅकेज दुसरीत लोड होत नाही.

लायब्ररी व रिक्वायर : पॅकेज न मिळाल्यास ‘लायब्ररी’ हा हुकूम काम तेथेच थांबवितो, पॅकेज लोड करण्याचाच दुसरा हुकूम ‘रिक्वायर’ केवळ ताकीद देऊन पुढे जाऊ देतो, त्यामुळे दोष बराच पुढे, भलत्याच ओळीत प्रकट होतो. कोणते वापरावे याविषयी मतभेद आहेत.